टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण नासरेथच्या येशूला लावायला गेले की ख्रिस्ती धर्मशास्त्र लगेच अडवते. म्हणीत आधी दगड, मग घाव आणि शेवटी देव. देहधारणाच्या शिकवणीत देव पहिल्यापासून आहे. घाव नंतर बसले, आणि ते बसले माणूसपणामुळे. देवाने देह घेतला तो नाटकातल्या पोशाखासारखा अंगावर चढवला नाही. भूक, झोप, घाम, मन, इच्छा आणि मरण यांसकट तो पुरता माणूस झाला आणि तरीही देव राहिला, एवढे सगळे या श्रद्धेला एका दमात म्हणायचे असते.

म्हणीचा सरळ क्रम येशूला लावून पाहणारे सुरुवातीच्या शतकांत होतेच. येशू मुळात माणूस, त्याची थोरवी पाहून देवाने त्याला पुत्र म्हणून स्वीकारले, असे ते मत. अंत्युखियाचा बिशप, सामोसाताचा पौल, हेच शिकवतो असा ठपका ठेवून इ.स. 268 च्या सुमारास तिथल्या धर्मसभेने त्याला पदावरून काढले. दुसऱ्या टोकाला घावच नाकारणारे होते. देवाला कसली आलीय जखम, देह दिसला तो नुसता भास, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मते चटकन पटतात, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. इ.स. 325 मध्ये निकियाच्या धर्मसभेने पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे ठरवले. 451 मध्ये खाल्सेदोनच्या सभेने एक व्यक्ती आणि दोन स्वभाव असे सूत्र बांधले. हे दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, दुभंगत नाहीत, वेगळे होत नाहीत. चारही गोष्टी नकाराच्या. काय नाही ते सभेने सांगितले. कसे आहे ते सांगण्याच्या भरीस ती पडली नाही. इजिप्त, सिरिया आणि आर्मेनियातल्या अनेक चर्चना हे सूत्रही मान्य झाले नाही. पोप सहावे पॉल आणि त्यांपैकीच एका, इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे प्रमुख तिसरे शनूदा यांनी ख्रिस्ताविषयी एकत्र निवेदन केले ते 1973 मध्ये, म्हणजे दीड हजार वर्षांनी.

म्हणीत मात्र एक गोष्ट झाकलेली राहते. टाकी फक्त मूर्तीवर चालत नाही. घरोघर मिक्सर येण्याआधी महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतून ‘टाकीऽऽ’ अशी हाळी देत बायका फिरत. अंगणात पाटा आडवा घालायचा, समोर बसकण मारायची आणि गुळगुळीत झालेल्या दगडावर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी खळग्यांच्या ओळी उठवत जायचे. भुकटी उडे, म्हणून टाकी लावणारी डोळे बारीक करून बसे. पाटा धुऊन घेतला तरी पहिले वाटण टाकूनच द्यावे लागे, नाहीतर चटणीत कच लागे. दगड तोच काळा, हत्यार तेच, पण इतके घाव सोसून या दगडाच्या वाट्याला देवपण येत नाही, मिरच्या येतात. शिवाय मूर्ती एकदा घडली की टाकीतून सुटते. पाटा वापरून झिजतो आणि त्याला पुन्हा टाकी लागते. म्हण ज्याने केली त्याने देवळातला दगड पाहिला, स्वयंपाकघरातला सोडून दिला.

देहधारणाची कल्पना मूर्तीपेक्षा पाट्याला जवळची वाटते. येशूने उपदेशाला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे त्याचे चरित्र म्हणजे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो. जन्माभोवतीच्या कथा आणि बाराव्या वर्षीचा यरुशलेममधला एक प्रसंग सोडला तर त्या तीस वर्षांबद्दल शुभवर्तमाने गप्प आहेत. म्हणजे देव माणूस झाला आणि त्यातला बहुतेक काळ सांगण्यासारखे काही घडलेच नाही. मराठी मनाला घरकाम करणारा देव नवा नाही. जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसतोच. पण दळण आटोपले की विठ्ठल आपल्या विटेवर परततो. ख्रिस्ती श्रद्धेत असे परतणे नाही. एकदा घेतलेले माणूसपण मरणानंतर, पुनरुत्थानानंतर आणि स्वर्गारोहणानंतरही उतरवून ठेवलेले नाही. ‘अवतार’ हा ओळखीचा शब्द हाताशी असताना ‘देहधारण’ हा जड शब्द मराठी ख्रिस्ती लोक वापरतात, त्यामागे हा फरक आहे.

मग टाकी कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतो. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला ‘तेक्तोन’ म्हटले आहे. मराठीत त्याचा सुतार झाला, पण मूळ ग्रीक शब्द बांधकाम करणाऱ्या कारागिरालाही चालतो. गालीलातली घरे दगडाची, लाकूड लागे ते छपराच्या तुळयांना आणि दारांना. नासरेथपासून सुमारे सहा किलोमीटरवर सेफोरिस हे नगर येशूच्या तरुणपणी गालीलाचा अधिपती हेरोद अंतिपा नव्याने उभारत होता. तिथे नासरेथचे कारागीर कामाला जात असतील, असे काही अभ्यासकांना वाटते. शुभवर्तमानांत त्या नगराचे नावही नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की येशू नांगर आणि जू बनवत असे. घाव सोसणाऱ्याच्या हातीच आधी टाकी होती, हे चित्र मोहक आहे, आणि मोहक आहे म्हणूनच त्यावर फार भार टाकू नये. त्याने घडवलेल्या एकाही वस्तूचा उल्लेख शुभवर्तमानांत नाही.

इथपर्यंत म्हण बाजूला ठेवता आली असती. पण नव्या करारातले इब्री लोकांस पत्र ती पुन्हा समोर आणते. येशू पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला आणि दुःखातूनच परिपूर्ण झाला, असे ते पत्र म्हणते. जो आधीच देव आहे त्याला परिपूर्ण व्हायचे काय उरले होते? परिपूर्ण झाले ते त्याचे माणूसपण, किंवा पूर्ण झाले ते त्याचे काम, अशी उत्तरे भाष्यकार देतात. ती खोटी नाहीत. पण पत्रातला शब्द त्यांच्यापेक्षा सरळ आहे, आणि म्हणीला जे हवे तेच तो म्हणतो की दुसरे काही, हे नुसत्या वाचण्याने ठरत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात थोमा नावाचा शिष्य घाव पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायला तयार नव्हता. आठ दिवसांनी त्याच्यासमोर आलेल्या, मरणातून उठलेल्या त्या देहाच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते.