सहावी पिढी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. त्यामुळे 'पहिली पिढी' हे शब्द प्रवेश-अर्जापासून माझी पाठ धरून आहेत. परंतु सहाव्या पिढीचे असूनही अपात्र ठरता येते, हे मला २०२५ च्या पावसाळ्यात घरच्या संगणकाने शिकवले!

झाले असे, की विंडोज १० या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबणार, हे जाहीर झालेले होते. विंडोज ११ फुकट मिळते खरी, पण तिला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. एका बंद पडणाऱ्या नेट कॅफेतून आठ हजारांना घेतलेला! नियमाला बगल देऊनही ती बसवता येते, असे वर्गातल्या एका तज्ज्ञाने सुचवले. पण तशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आबांना हे सांगणे अवघड गेले.

"चालतोय न्हवं? मग बिघडलंय काय?"

"बिघडलं काहीच नाही, आबा. पण कुठं भोक पडलं तर यापुढं कुणी बुजवायला येणार नाही."

ते जरा विचारात पडले. "म्हंजी गोदाम हाय तसंच हाय, राखणदार काढून घेतला."

चार दिवस वाचून मला जे उमगले, ते त्यांनी एका वाक्यात बसवले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक असेच कुलूपबंद केले होते. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घातली नव्हती, त्यांच्यावर संक्रांत आली.

माझ्या संगणकात माझे म्हणून चोरण्यासारखे काय आहे? दोन ट्यूटोरियल आणि एक अर्धवट कविता. (ती चोरणाऱ्याने निदान पुरी तरी करावी.) पण त्याच संगणकात आईच्या बचत गटातल्या अकरा बायकांची आधार कार्डे आहेत, पासबुकांच्या प्रती आहेत, कोणी किती कर्ज उचलले नि किती हप्ते थकले, तेही आहे. "तुझ्यापाशीच राहू दे बाई, आमच्या घरात पत्र्यातनं गळतं," असे म्हणून त्यांनी ती कागदपत्रे माझ्या हाती दिलेली. त्यांच्या लेखी हा डबा म्हणजे न गळणारे घर.

नवा घ्यायचा तर आबांनी किती पोती उचलायची, हा हिशोब मी वहीच्या मागल्या पानावर मांडला आणि खोडून टाकला.

मग लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हे काम सुरू केले, म्हणजे तो आपल्याच बिरादरीतला! शिवाय हा पाहुणा आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतो, घरात कायमचा घ्यावा लागत नाही. तसे केले. सारे सुरळीत उघडले, हप्त्यांचे तक्तेही बरोबर आले. गटाच्या बैठकींचे इतिवृत्त मात्र उघडताच डोळे पांढरे झाले. ते जुन्या शिवाजी फाँटमध्ये टंकलेले. तो फाँट इथे नसल्याने आमच्या बायकांचे ठराव इंग्रजी अक्षरांच्या नि चिन्हांच्या भेंडोळ्यात दिसू लागले. फाँट आणून घातला असता तर ते वाचता आले असते, पण पुन्हा कधीतरी हाच प्रश्न उभा राहिला असता.

शेवटी मधला मार्ग धरला. विंडोज १० ला कंपनीने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत दिली होती. त्यांच्या खात्यात नाव नोंदवून सेटिंगची प्रत तिथे ठेवली की पैसे पडत नव्हते. ती घेतली. आधार कार्डे नि पासबुके दोन पेनड्राइव्हवर उतरवून संगणकातून काढली. एक पेनड्राइव्ह आईच्या ट्रंकेत आहे, दुसरा गटाच्या अध्यक्षबाईंकडे. आणि मुदत संपण्याआधी लिनक्सकडे जायचे, म्हणून सारे इतिवृत्त युनिकोडमध्ये नव्याने टंकायला घेतले आहे.

ते काम रात्री चालते. आई शेजारी भाजी निवडत बसते. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचत टंकते. परवा एका जुन्या बैठकीत मी "मासिक बचत रुपये शंभर" असे वाचले, तशी ती मान वर न करता म्हणाली, "दीडशे. त्याच बैठकीत वाढवली आम्ही. खालच्या ओळीत बघ."

खालच्या ओळीत होतेच.