अकरा नंबरचे पाय

मोठ्या मनाच्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं, मोठ्या कपाळाचा माणूस भाग्यवान ठरतो. पण मोठ्या पायाच्या माणसाला चपलेच्या दुकानात "साहेब, दहाच्या पुढे येत नाही" याखेरीज काही ऐकायला मिळत नाही. आमच्या घराण्यात अकरा नंबर वंशपरंपरागत आहे. वडिलांनी घर ठेवलं नाही, शेत ठेवलं नाही, पाय ठेवले. ते मी रीतसर चिरंजीवांच्या नावे वर्ग केले.

चिरंजीव सोळा वर्षांचे. या वारशावर त्यांनी एक उपाय शोधला आहे. दुकानदाराने दहा नंबर चढवला की बोटं आत मुडपायची आणि "होतोय" म्हणायचं. दुकानदार खूश, आई खूश. बोटांना कोण विचारतो!

गेल्या फेब्रुवारीत आम्ही एलएफसीवर गुलमर्गला गेलो. (एलएफसी म्हणजे बँकेच्या खर्चाने जायचं आणि स्वतःच्या खर्चाने खायचं.) तिथे चिरंजीवांना स्नोबोर्ड हवा झाला. ही वस्तू १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या एका बापाने दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी केली. मुलींच्या पायांसाठी! आमच्या घराण्याचा विचार तेव्हापासूनच झालेला नाही.

भाड्याच्या दुकानात मी डिपॉझिटच्या नोटा मोजत होतो, तोवर मालकाने एक फळी चिरंजीवांच्या हनुवटीला लावून लांबी ठरवली. "बूट का नंबर?" "दस," चिरंजीव म्हणाले. फळीच्या रुंदीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

बर्फावर चिरंजीव सरळ झकास जात. वळायचं म्हटलं की आडवे. पाच-सहा वेळा झालं. "मला जमणारच नाही," असं ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शाळेच्या बुटांच्या वेळी मीही तोच काढत असे. शिकवणाऱ्या काश्मिरी पोराने मात्र खाली वाकून बर्फ पाहिला. फळीच्या रेघेशेजारी आणखी एक चर उमटला होता. "साब, लड़का ठीक है। जूता लग रहा है।"

भानगड अशी. स्कीवर पाय पुढे तोंड करून असतात. स्नोबोर्डवर माणूस लोकलच्या दारात उभा राहतो तसा आडवा उभा राहतो. म्हणजे पायाची लांबी फळीच्या रुंदीत मावायला हवी. वळताना फळी बोटांच्या किंवा टाचांच्या बाजूला कलते आणि तिची पोलादी धार बर्फात रुतते. बूट फार बाहेर आला असेल तर धारेआधी तोच टेकतो, धार उचलली जाते आणि स्वार बर्फात. स्कूटरचा स्टँड वर न करता वळण घेतलंय कधी? तेच.

लेजरवर रेघा मारायची माझी स्टीलची पट्टी अजून माझ्या पिशवीत असते. लेजर गेली, पट्टी राहिली. दुकानात परत येऊन मी चिरंजीवांना भिंतीला टाच लावून उभं केलं. पट्टी संपली तिथे अंगठा संपला. बरोब्बर तीस सेंटिमीटर. बूट चढवला की बाहेरून बत्तीस-तेहेतीस. फळीची कंबर, म्हणजे मधली अरुंद जागा, पंचवीस. पाय ठेवायच्या जागी सव्वीसच्या आसपास. दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर बूट लोंबतोय! हा ओव्हरड्राफ्ट आहे. थोडा चालतो, दोन्हीकडे एक-दोन सेंटिमीटर. त्यापुढे खातं बुडीत.

मालकाने डोकं खाजवलं आणि माळ्यावरून एक फळी काढली. आकड्यापुढे 'डब्ल्यू' लिहिलेलं, म्हणजे वाईड. कंबर साडेसव्वीस. पाय बदकासारखे जरा फेंगडे बांधले की आणखी थोडी बचत होते. हिशेब जुळला.

इतक्यात हिने हात घातला. "त्याहून रुंद असेल तर तीच घ्या. पाय अजून वाढतोय त्याचा." आमच्याकडे मुलाचा शर्ट, पँट, सायकल सगळं वाढत्या अंगाचं घेतात. पण इथे ते चालत नाही. फळी पायाला फार रुंद झाली की एका धारेवरून दुसरीवर कलवायला ताकद लागते. पाटावर बसवलेल्या म्हशीसारखी ती हलता हलत नाही. हे मी हिला समजावलं. म्हशीचा दृष्टांत तिला आवडला नाही.

"बूट भी ग्यारह का दूँ?" मालकाने विचारलं. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहिलं. "ग्यारह," ते म्हणाले. हळू, पण म्हणाले. तंग बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बर्फात बोटं गारठतात, हे व्याख्यान मी तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

दुपारी चिरंजीव वळले. पहिलं वळण काही देखणं नव्हतं, हात गरब्यासारखे हलत होते; पण बर्फावर रेघ एकच उठली. ती पाहायला मी इतका खाली वाकलो, की हिला वाटलं माझंच काही पडलंय.

तिसऱ्या दिवशी सामान परत करायला गेलो, तर एक धिप्पाड पंजाबी गृहस्थ मालकाला "दस दे दो, चल जाएगा" म्हणत होते. चिरंजीवांनी माझ्या पिशवीत हात घालून पट्टी काढली आणि त्यांना म्हणाले, "अंकल, एड़ी दीवार से लगाइए।"