फक्त माझ्या वापरासाठी

शाळेतला मोडेम मी जोडला, हे मी पुष्कळ वर्षं कौतुकानं सांगत आलो. पुढचं मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकतो.

साल २००५. शाळेला एक संगणक मिळाला, विंडोज एक्सपीचा. एकच, त्यामुळे तो सगळ्यांचा. त्यावर चार खाती काढली: मुख्याध्यापक, क्लार्क, मुलं आणि मी. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, शिकवणार मराठी आणि इतिहास. पण 'सरांना नाद आहे' असं ठरलं आणि इंटरनेट जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मोडेम म्हणजे पुढे लाल दिवे असलेली एक डबी. एक वायर संगणकाच्या पाठीमागे, दुसरी टेलिफोनच्या खोक्यात. खोक्यावर ५६ के लिहिलेलं, पण तेवढा वेग मी कधी पाहिला नाही. पहिले तीन दिवस पडद्यावर एकच वाक्य : डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला की टोन मला ऐकू यायचा, मोडेमला यायचा नाही! आता बोला. शेवटी कुठल्याशा खिडकीत 'डायल टोनची वाट पाहा' अशा अर्थाची एक खूण सापडली. ती काढली आणि डबी किंचाळायला लागली. बाहेर मागांची खडखड, आत हिची कुईंकुईं. मुलं खिडकीशी गोळा झाली. ऑफिसातल्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की लाइन तुटायची, ते वेगळंच.

जोडणी करताना एक प्रश्न येतो. ही जोडणी कोणासाठी, कोणाच्याही वापरासाठी की फक्त माझ्या वापरासाठी? मी इंग्रजी शब्द दोनदा वाचले आणि दुसऱ्यावर टिचकी मारली.

कारणं होती. मिनिटामिनिटाला बिल चढायचं. पोरं काय उघडतील याचा नेम नव्हता. शिवाय दोन वर्षांपूर्वी हातकणंगले-वाठार करून मी वारणा भागात जाऊन आलो होतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली सत्तर गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प सुरू झाला होता. एका गावातल्या केंद्रात उसाच्या नोंदी विचारायला शेतकरी आलेले. कळफलकाशी मात्र एकटा चालक. शेतकऱ्यानं विचारायचं, त्यानं बघून सांगायचं. मला ते फार शिस्तीचं वाटलं. एकाच्या हातात किल्ली असली म्हणजे यंत्र नीट राहतं, एवढंच शिकून मी परत आलो.

आणि खरं सांगायचं तर, लोकांनी 'सर, जरा नेट लावून द्या' म्हणत यावं, हेही मला आवडत होतं.

एरवी अनेकांच्या संगणकावर मोडेमला राखण लागतेच. १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल खातं मिळायचं. आपला मोडेम फोन लावून दूरच्या मोठ्या युनिक्स संगणकात शिरायचा आणि त्याच यंत्रावर एकाच वेळी कितीतरी जण बसलेले असायचे. युनिक्समध्ये फोन लावायची परवानगी कुणाला, हे व्यवस्थापक ठरवतो. एकानं मोडेम घेतला की दुसऱ्यानं त्यात हात घालू नये म्हणून कुलपाची एक छोटी फाइलही तयार होते. म्हणजे कुलूप वाईट नव्हे. मी ते कुणासाठी लावलं, हा प्रश्न.

जून २००६. दहावीचा निकाल नेटवर लागला त्या दिवशी मी मिरजेला होतो, सौ.च्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मोबाइल घेतलेला नव्हता. क्लार्कनं स्वतःचं खातं उघडलं, तर जोडणीचं चिन्हच नाही. ते फक्त माझ्या खात्यात दिसणार आणि पासवर्ड माझ्या खिशातल्या डायरीत! त्याला वाटलं, मोडेम बिघडला. पोरं इचलकरंजीला सायबर कॅफेत गेली.

एक मुलगी गेली नाही. तिची आई कांड्या भरायला जायची, कॅफेला द्यायला पैसे नव्हते. गल्लीतल्या कुणीतरी तिचा नंबर बघून येतो म्हणून सांगितलं, चुकीचा आकडा टाकला आणि येऊन सांगितलं, नापास.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत आलो. तिचा नंबर टाकला. एकाहत्तर टक्के. शिपायाला पळवलं. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती, दार लावून बसली होती. संध्याकाळी आई तिला घेऊन शाळेत आली. "सर, तुमच्यामुळं कळलं बघा," म्हणाली आणि पाया पडायला वाकली. मी "अहो, राहू द्या" एवढंच म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी जोडणी पुसली, नवी केली, कोणाच्याही वापरासाठी. पासवर्ड क्लार्कला लिहून दिला. पुढच्या महिन्यात बिल वाढलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, मी म्हटलं, वाढू दे.

पुढे वाचनात आलं की वारणेच्या त्याच प्रकल्पात २००६-०७च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसचा प्रयोग झाला. म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या हातातल्या फोनवरून विचारायचं. मी परत बघायला काही गेलो नाही.

ती बाई अजून कबनूरच्या बाजारात भेटते. सोबत कुणी असलं की त्याला सांगते, या सरांनी माझ्या पोरीचा निकाल कॉम्प्युटरवर शोधून काढला. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो. मुलीकडे आता स्वतःचा फोन असेल. तिनं हे वाचलं तर वाचलं.