रत्नागिरीतला परदेशी राजाचा वाडा

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणाऱ्यांची ओढ बहुधा समुद्राकडे आणि पानातल्या सुरमईकडे असते. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणीही त्याच ओढीने निघालो होतो. मुलं आजी-आजोबांकडे, गाडी आमच्यातलीच एक चालवणारी, आणि दोन दिवस कुणाचा डबा भरायचा नाही! साखरप्याला चहा झाला तेव्हा एकीने सुचवलं, "थिबा पॅलेस बघूया का? नाव लहानपणापासून ऐकतोय, आत कधी गेलोच नाही." बाकीच्या तिघींची गतही तीच होती.

भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला हा जांभ्या दगडाचा वाडा बाहेरून ऐटबाज दिसतो. उतरती कौलं, अर्धगोल लाकडी खिडक्या, वरच्या मजल्यावर प्रशस्त दालन. आत आता सरकारी संग्रहालय आहे. पण हा वाडा राजाने हौसेने बांधलेला नाही. तो कैद्यासाठी बांधलेला आहे, हे ध्यानात घेतलं की त्याच खिडक्या वेगळ्या दिसू लागतात.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपायालतसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग 1886 मध्ये रत्नागिरी. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. बरीच वर्षं त्याला बंगल्यांत ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 साली, आणि 1916 च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं या वाड्यात गेली.

"आणि आपला जफर तिकडे," आमच्यातली इतिहास शिकवणारी म्हणाली. दिल्लीचा शेवटचा बादशाह बहादूरशाह जफर. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातच त्याच्यावर खटला चालवला आणि 1858 मध्ये त्याला रंगूनला पाठवलं. तिथेच 7 नोव्हेंबर 1862 रोजी त्याचा इंतकाल झाला. लोकांनी तिथे जमू नये म्हणून त्याच्या कबरीची खूणही ठेवली नाही. 1991 साली खोदकाम करताना ती विटांची कबर सापडली. हिंदुस्थानचा बादशाह ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! रयतेला आपला राजा दिसूही नये, एवढा लांब न्यायचा हा हिशेब होता. राज्य देणारा आणि काढून घेणारा अल्लाहच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथल्या रिकाम्या दालनांतून फिरताना ते फार जवळून कळतं.

आम्हाला सगळ्यांत चटका लावून गेली ती मात्र राजाची नात. थोरल्या राजकन्येला रत्नागिरीतल्याच गोपाळ सावंत या नोकरापासून मुलगी झाली, टुटू. 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. टुटू इथेच वाढली, इथल्याच एका ड्रायव्हरशी तिचं लग्न झालं, आणि राजाच्या या नातीने सारं आयुष्य गरिबीत, मराठी बोलत काढलं. आजोबांसाठी जी कैद होती, ते तिचं गाव झालं.

वाड्यानंतर आम्ही शहरातल्याच राजाच्या समाधीकडे गेलो. त्याचा देह मायदेशी नेता यावा अशी घरच्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले. राजाच्या मृत्यूनंतर शहाण्णव वर्षांनी!

तिथे आमच्यातली एक बराच वेळ गप्प उभी राहिली. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला होते. ती नववीत असताना तिथेच वारले आणि तिथेच दफन झाले. घरून कुणालाच जाता आलं नाही. ती हळूच म्हणाली, "अम्मी दर शबे-बरातला विचारायची, त्यांच्या कबरीवर कुणी फातेहा पढत असेल का गं?" आम्हाला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळाने गाडी चालवणारी म्हणाली, "दुआला कुठे व्हिसा लागतो? चल, जोहरची वेळ झालीये." जवळच्या एका ओळखीच्या घरी आम्ही नमाज पढलो आणि चौघींनी मिळून तिच्या अब्बांसाठी दुआ केली. इतक्या वर्षांत ती आमच्यासमोर त्यांच्याविषयी एवढं कधी बोलली नव्हती. परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत बोलतच होती.

कोकणात काय, घाटावर काय, आपल्यातल्या कितीतरी घरांत असं एखादं माणूस असतं. कुणी बोटीवर गेलेलं, कुणी आखातात, कुणी आफ्रिकेत. त्यांची कबर कुठल्या शहरात, कुठल्या कब्रस्तानात, नंबर काय, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असतं. ते माणूस आहे तोवर विचारून वहीत लिहून ठेवावं. आमच्या मैत्रिणीने घरी पोहोचल्यावर त्याच रात्री अम्मीची ट्रंक उघडली. कुवेतहून आलेला दफनाचा कागद त्यात जपून ठेवलेला होता.