डब्याचा धडा

वाईला आजी मला तेल आणायला वाण्याकडे धाडायची, तेव्हा किटली हातात देता देता दारातूनच बजावायची, "आधी धडा करायला सांग गं त्याला." वाणी रिकामी किटली तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात लोखंडाचे तुकडे, खडे टाकत टाकत काटा मधोमध आणायचा. मग तेल. भांड्याच्या वजनाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, हा त्या धड्याचा अर्थ. आजीच्या लेखी तो सचोटीचा पुरावा होता. धडा न करता माल देणाऱ्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नसती.

पुढं पंचवीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडी आला नव्हता. तो आठवला म्युनिकमध्ये, विद्यापीठाजवळच्या शेलिंगश्ट्रासवर. २०१६च्या फेब्रुवारीत तिथं 'ओनं' नावाचं सुपरमार्केट उघडलं. 'ओनं' म्हणजे 'विना'. माल सगळा सुटा, पॅकिंग नाही. जर्मनीत ही लाट सुरू झाली ती २०१४ साली, उत्तरेकडच्या कील शहरात मारी देलापेरिएर यांनी काढलेल्या दुकानापासून. त्याच वर्षी बर्लिनमध्येही एक उघडलं, आणि दोन वर्षांनी आमच्या शहराची पाळी आली.

मी पहिल्यांदा गेले ती लोणच्याची धुतलेली काचेची बरणी घेऊन. पहिलं काम बरणीचं वजन करायचं. काट्यावर ठेवली, आकडा आला २४३ ग्रॅम, तो पेन्सिलीनं बुडाशी लिहिला. भिंतीला उभ्या पारदर्शक नळ्या, त्यांत तांदूळ, ओट्स, मसूर. खालचा दांडा ओढला की धान्य खडखडत बरणीत उतरतं. मसुराच्या डाळीचा तो आवाज, वर उडालेली किंचित धूळ, आणि बरणी भरत आल्यावर दांडा वेळेवर सोडायची घाई. गल्ल्यावरच्या मुलीनं भरलेली बरणी तोलली, बुडाचा आकडा वाचून वजा केला. "हा तर धडा!" मी मराठीतच म्हणाले. तिनं मान वर करून पाहिलं, मग मी तिला आजीची गोष्ट सांगितली. मागं रांग होती, तरी तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

घरी येताना दोन्ही पिशव्या काचेनं जड झाल्या होत्या, आणि भुयारी रेल्वेच्या जिन्यावर मला एक गोष्ट नीट समजली. पॅकिंग नाकारलं म्हणजे त्याचं काम नाहीसं होत नाही, ते घरात येतं. बरण्या धुवायच्या, वाळवायच्या, झाकणं जुळवायची, काय संपलंय ते आधी बघून ठेवायचं, आणि ऑफिसला निघतानाच डबे बरोबर घ्यायचे. आजीच्या घरात हे सगळं होत होतं, कारण ती तेलाची किटली राख लावून घासायला कुणी तरी बाई होतीच. या जुन्या पद्धतीचं कौतुक करताना त्या बाईचे हात विसरणं मला पटत नाही. आमच्याकडे शुक्रवारी रात्री बरण्या नवरा धुतो आणि वजनं मुलगा लिहितो. तसं ठरलं नसतं तर मी हे केव्हाच सोडून दिलं असतं.

आपल्याकडची सुटी खरेदी गेली तीही काही केवळ हौसेपायी नाही. १९९८ साली दिल्लीत भेसळीचं मोहरीचं तेल खाऊन माणसं दगावली, सुट्या तेलाची धास्ती देशभर बसली. सीलबंद पिशवीनं लोकांना भरवसा दिला, आणि त्या भरवशाला मी नावं ठेवणार नाही. पण तेलापाठोपाठ डाळ, साखर, जिरं, शेंगदाणे, सगळंच प्लास्टिकमध्ये गेलं. २३ जून २०१८पासून महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, हातात कापडी पिशव्या आल्या. त्या पिशव्यांमध्ये भरलेले पुडे मात्र प्लास्टिकचेच राहिले.

माझं घरही काही कचऱ्याविना नाही. तूरडाळ आणि पोहे मी स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून आणते, ते प्लास्टिकच्याच पुड्यांत येतात. आमटी सोडायची माझी तयारी नाही. जमतं तिथं जमवायचं, एवढंच.

आणि सगळ्यांत सहज जमतं ते दह्याचं. साध्या सुपरमार्केटात दही काचेच्या बरणीत मिळतं, बरणीवर १५ सेंट डिपॉझिट, इथल्या भाषेत 'फांट'. त्यातलं चमचाभर दही मी विरजणाला ठेवते, बरणी विसळून परत नेते, मशीनमध्ये घालते, पावती घेते. यासाठी वेगळं दुकान लागत नाही, वेगळा दिवस लागत नाही. शेजारच्या आजोबांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे तेच करतात. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर तर २००३पासून कायद्यानंच २५ सेंट लागतात.

म्हणून मला वाटतं, छोट्या दुकानांच्या खांद्यावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे. करोना आणि त्यानंतरची महागाई यांत जर्मनीतली अशी कितीतरी दुकानं बंद पडली. चालवणाऱ्यांची निष्ठा कमी पडली नाही. गिऱ्हाईक वाट वाकडी करून, जास्त पैसे देऊन रोज येईल, ही अपेक्षाच फार होती. म्युनिकनं 'शून्य कचरा शहर' व्हायचं ठरवलंय, २०३५पर्यंत माणशी उरणारा मिश्र कचरा ३५ टक्क्यांनी कमी करायचंय. ते व्हायचं तर सुट्या डाळीची नळी कोपऱ्यावरच्या नेहमीच्या दुकानात आली पाहिजे.

गेल्या दिवाळीत वाईला गेले तेव्हा त्याच वाण्याच्या दुकानात स्टीलचा डबा पुढं केला. आता त्याचा मुलगा बसतो. शेंगदाण्याचं पोतं अजून उघडंच असतं. त्यानं डबा इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, एक बटण दाबलं, आकडा शून्यावर आला, आणि अर्धा किलो दाणे थेट डब्यात पडले. पुडा नाही, पिशवी नाही, एक पैसा जास्त नाही. ते बटण तुमच्याही वाण्याच्या काट्यावर आहे. पुढच्या खेपेला रिकामा डबा घेऊन जा, आणि त्याला आधी धडा करायला सांगा.