सात वेळा खरं, आठव्यांदा सतरा

माझी एक चूक सांगते. आठवीच्या तासाला मूळ संख्या शिकवत होते. मुलांना गंमत वाटावी म्हणून फळ्यावर लिहिलं: 31, 331, 3331, 33331... प्रत्येक वेळी पुढे एक 3 वाढवायचा. या सगळ्या मूळ संख्या. अशा करत 33333331 पर्यंत आले. ही आठ अंकी संख्यासुद्धा मूळच आहे. ते हाताने तपासायचं तर 5773 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे सातशेहून जास्त वेळा, भागून बघावं लागेल. मी यादीवरून घेतली होती, आणि वर बोलूनही गेले, "पुढेही अशाच."

दुसऱ्या दिवशी जेटीकडून येणारी एक मुलगी वही घेऊन उभी. "बाई, ह्यां सतरान जाता!"

पुढची संख्या 333333331. तिने सरळ भागाकार मांडला होता. शेवटी बाकी 5 उरली, वरून 1 उतरला, झाले 51, सतरा त्रिक एक्कावन्न. उत्तर 19607843. मी दोनदा तपासलं. बरोबर होतं. वर्गासमोर चूक कबूल केली. तिचा पुढचा प्रश्न मात्र जास्त अवघड होता: "पण कित्याक?"

आमच्या विजयदुर्गच्या किल्ल्यावर 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला नॉर्मन लॉकियर आपली मंडळी घेऊन आले होते. ग्रहण कुठे आणि कधी दिसणार हे त्यांना आधीच माहीत होतं, कारण त्यामागे चंद्र-सूर्याच्या गतीचं गणित होतं. माझ्या तिनांच्या ओळीमागे काय होतं? सात उदाहरणं, बस्स.

कारण शोधायला मी पहिल्याच संख्येकडे, 31 कडे वळले. पंधरा वेळा 3 लिहून 31 ने भागा, बाकी शून्य येते. (मुलांना करायला द्याच, पाच मिनिटांचं काम आहे.) आता सोळा 3 आणि शेवटी 1 अशी सतरा अंकी संख्या घ्या. तिच्यातून 31 वजा केले की राहतात पंधरा 3 आणि दोन शून्यं. त्यांना 31 ने भाग जातो, म्हणजे मूळ संख्येलाही जातो. थोडक्यात, 17 ने ओळ मोडली नसती तरी सतराव्या अंकाला पहिल्या 31 नेच ती मोडली असती!

वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी म्हणाली, "आणि 331?"

तेही मोडतं. फर्माने 1640 मध्ये सांगितलेल्या नियमावरून 330 वेळा लिहिलेल्या 3 ला 331 ने भाग जातो, म्हणून 333 अंकी संख्येलाही जातो. एवढा भागाकार फळ्यावर मावणार नाही म्हटलं, तर तिने वहीची पानं मोजायला घेतली.