ऊब आणि तिचे ऋण

आमच्या नरखेड तालुक्याची ऊब कापसाची. पिंजाऱ्याने भरलेल्या रजईत आमचा हिवाळा सरतो. दूर उत्तरेच्या सागरकिनाऱ्यांवर मात्र आयडर नावाच्या समुद्री बदकाची पिसे मोलाची मानतात. मादी आपल्याच उरावरची मऊ पिसे उपटून घरटे मढविते. किलोभर पिसांसाठी अशी सुमारे साठ घरटी लागतात!

संत कथबर्ट इ. स. ६७६ च्या सुमारास इंग्लंडजवळील फार्न बेटावर एकांतवासास गेले. तेथील या पक्ष्यांना त्यांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. आइसलँडमध्ये १८४७ पासून कायदाही त्यांचे रक्षण करतो. तेथील शेतकरी कोल्ह्यांपासून घरटी राखतात आणि पिले समुद्राकडे गेली की मागे उरलेली पिसे वेचतात.

ज्याची ऊब घ्यावी, त्याचे घरटे राखावे, हाच यातील धर्म आम्हांस दिसतो. आपल्या विदर्भात कापूस पिकविणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी कर्जापायी जीव दिला. त्यांच्या कष्टाची ऊब आपण रोज पांघरतो. त्यांच्या मागे उरलेल्या घरट्यांची राखण आपल्या धर्मग्रामाने करावयास नको काय?